पोत्यावर आकडा छापा

जळगाव, भुसावळ, धुळे, दोंडाईचा, कुठल्याही गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात जा. काउंटरमागे रंगीत पाकिटांची रांग लागलेली असते आणि त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘इम्युनिटी’ लिहिलेलं असतं. कोरोनाच्या दोन वर्षांत हा शब्द घराघरांत शिरला, तिथून गोठ्यात गेला आणि आता डुकरांच्या शेडपर्यंत पोचलाय. पाकीट उलटं केलं तर मागे बारीक टायपात झिंक, सेलेनियम, ई जीवनसत्त्व अशी नावं असतात. प्रमाण किती, ते अनेकदा नसतंच. विचारलं तर दुकानदार आपल्या गोड अहिराणीत सांगतो, “भाऊ, हाई पावडर टाक, कायजी करू नको.”

माझा आक्षेप त्या ‘कायजी करू नको’ला आहे. डुकराच्या खाद्यात झिंक हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण एका किलोत किती मिलिग्रॅम, हा आकडा छापल्याशिवाय खाद्याचं एकही पोतं आणि पूरक पावडरीचं एकही पाकीट विकू देऊ नये. आणि पिल्लांच्या हगवणीवर झिंक ऑक्साइडचा जो दांडगा डोस जगभर वापरला गेला, तो आपल्याकडे रुजायच्या आत सरकारने त्यावर मर्यादा घालावी.

डुकरांचा विषय निघाला की नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखी डुक्कर म्हणजे नगरपालिकेने पकडून न्यायची वस्तू. पण राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, शंभर माद्यांच्या युनिटला कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे, घरचा मका आहे आणि कापसाच्या भावाने हात पोळलेत, असा तरुण हा हिशोब मांडणारच. जे पाळायला सरकार पैसे देतं, त्याला काय खायला घालावं हेही सरकारने पाहायला नको का?

आधी झिंक नेमकं करतं काय ते पाहू, कारण विकणारे आणि विरोध करणारे दोघंही ही पायरी गाळतात.

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा रोगांशी लढायला त्याच्याकडे जवळजवळ काही नसतं. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून मिळतात. डुकरिणीच्या वारेची रचना वेगळी असल्यामुळे तिच्या रक्तातली प्रतिपिंडं पिल्लापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि तीही पहिल्या दिवसातच. चोवीस तास उलटले की पिल्लाचं आतडं ही मोठी प्रथिनं सबंध आत घेणं बंद करतं. म्हणून ज्या पिल्लाला पहिल्या दिवशी सडाला तोंड लावायला जागा मिळाली नाही, ते पुढे कितीही पावडर चारली तरी मागेच राहतं. चिकातून आलेलं संरक्षण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत ओसरत जातं आणि पिल्लाची स्वतःची यंत्रणा तेव्हा कुठे उभी राहत असते. नेमक्या याच फटीत, २१ ते २८ दिवसांच्या वयात, फार्मवर पिल्लांना आईपासून तोडतात. मोकळ्या रानात हीच पिल्लं तीन महिने किंवा त्याहूनही जास्त काळ हळूहळू दूध सोडत जातात.

झिंक लागतं ते ही यंत्रणा उभी करायला. डुकरात मानेपासून छातीपर्यंत पसरलेली थायमस ग्रंथी म्हणजे टी-पेशींची, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, तालीम. शत्रू कोण आणि आपला कोण, हे त्या तिथे शिकतात. या ग्रंथीचं थायम्युलिन नावाचं संप्रेरक झिंक जोडलेलं असेल तरच काम करतं. झिंक तुटलं की थायमस आकसतो, आणि हे उंदरांपासून डुकराच्या पिल्लांपर्यंत दिसलं आहे. तयार झालेल्या टी-पेशीला बाहेर जंतू दिसला की आत संदेश जावा लागतो. ही साखळी सुरू करणारं एक प्रथिन पेशीच्या पडद्याखाली झिंकच्या अणूनेच अडकवलेलं असतं. शिवाय संसर्ग झाला की या पेशींना झपाट्याने दुप्पट-चौपट व्हायचं असतं आणि विभागणाऱ्या प्रत्येक पेशीला झिंक लागतं. शरीरात झिंकचा असा मोठा साठा नसतो की महिनाभर काढून वापरावा. ते रोजच्या खाद्यातूनच यावं लागतं.

मला यातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो तो पुढचा. ताप येतो तेव्हा शरीर रक्तातलं झिंक मुद्दाम कमी करतं आणि यकृतात ओढून घेतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमेच्या किंवा सुजेच्या जागी कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात आणि ते आजूबाजूचं झिंक आणि मँगनीज घट्ट पकडून ठेवतं. जंतूंनाही जगायला हे धातू लागतात, ते त्यांना मिळू द्यायचे नाहीत, हा त्यातला डाव. त्याच वेळी मॅक्रोफेज या दुसऱ्या पेशी गिळलेल्या जंतूवर, ज्या कप्प्यात तो अडकलाय तिथे, झिंक इतकं ओततात की त्याला ते विषासारखं बाधतं. बाहेरच्या जंतूला झिंकवाचून उपाशी मारायचं आणि आतल्याला झिंकनेच गुदमरवायचं, अशी ही दुहेरी लढाई. एवढी बारीक व्यवस्था असलेल्या शरीरात ‘जास्त झिंक म्हणजे जास्त इम्युनिटी’ हा हिशोब बसत नाही. आजारी जनावराच्या रक्तात झिंक कमी आलं म्हणजे खाद्यातच कमतरता होती असंही नाही. ते लपवून ठेवलेलं असू शकतं.

खरी कमतरता कशी दिसते तेही सांगायला हवं, कारण आपल्या भागात ती होण्याची शक्यता चांगलीच आहे. मक्यात आणि सोयाबीनच्या पेंडीत फायटेट नावाचं संयुग असतं आणि ते झिंकला आतड्यात बांधून ठेवतं. डुकराला फायटेट फारसं पचवता येत नाही. त्यात कोणी हाडं मजबूत व्हावीत म्हणून चुनखडी सढळ हाताने टाकली की कॅल्शियममुळे ही बांधणी आणखी घट्ट होते. खाद्यात झिंक आहे, पण डुकराला मिळत नाही, अशी गत. अमेरिकेतल्या टकर आणि सॅल्मन यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की डुकरांच्या कातडीवर जाड खपल्या धरण्याचा जो रोग आहे तो मुळात झिंकच्या तुटीचा आहे. माणसातही असं होतं, हे पुढच्या काही वर्षांत दाखवणारे डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण त्यांनी तपासले, तेव्हा त्यांच्या जेवणात मुख्यतः कोंड्यासकटची बिनआंबवलेली रोटी होती. म्हणजे तिथेही फायटेटच.

ही कातडी एकदा पाहिली की विसरत नाही. पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आधी लाल ठिपके येतात. मग पायांवर, कानांवर, शेपटीच्या बुडाशी कोरड्या तपकिरी खपल्या साचतात, त्यांना भेगा पडतात. दोन्ही बाजूंना सारख्याच. पाहणारा म्हणतो खरूज आणि खरजेचं इंजेक्शन टोचतो. पण खरजेचं डुक्कर भिंतीला अंग घासून घासून रक्त काढतं आणि हे मात्र तितकं खाजवत नाही. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी औषधाचे पैसे वाचतील. अशा डुकराच्या खाद्यात योग्य प्रमाणात झिंक वाढवलं आणि चुनखडी आवरली की काही आठवड्यांत कातडी नितळ होते. ‘योग्य प्रमाण’ म्हणजे किती हेही गूढ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये दिलेली गरज अशी: नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना किलोमागे १०० मिलिग्रॅम, पुढे वजन वाढेल तसं ८०, ६० आणि मोठ्या डुकरांना ५०, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला पुन्हा १००. म्हणजे पिल्लांच्या एक टन खाद्यात एकूण १०० ग्रॅम झिंक, आणि त्यातलंही काही मका-पेंडीतून आधीच आलेलं असतं.

आता दुसरा आकडा. १९८०च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये दिसून आलं की दूध तोडल्यावरचे दोन आठवडे पिल्लांच्या खाद्यात झिंक ऑक्साइडमधून किलोमागे २५०० मिलिग्रॅमच्या आसपास झिंक घातलं तर हगवण आटोक्यात येते आणि वजन भरतं. गरजेच्या २५ पट. हा उपाय जगभर पसरला, कारण तो स्वस्त होता आणि लागू पडत होता. लागू पडतो हे नाकारण्यात अर्थ नाही. आतड्यातल्या जंतूंचा समतोल बदलतो, आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट राहतात, सूज कमी होते. पण यातलं बहुतेक काम आतड्याच्या पोकळीत आणि अस्तराशी होतं. झिंक ऑक्साइड अंगात शोषलं जातं थोडंसं, बाकीचं शेणातून बाहेर पडतं. म्हणजे पाकिटावर ‘इम्युनिटी’ लिहून हा डोस विकणं म्हणजे जुलाबाच्या औषधाला टॉनिक म्हणणं झालं. आणि तो महिनोन्‌महिने चालू ठेवला तर उलटतो. झिंक जास्त झालं की तांब्याचं शोषण मार खातं, आणि तांबं तुटलं की रक्त कमी होतं, न्यूट्रोफिलची संख्या घसरते. पेशींच्या प्रयोगांत तर जादा झिंकने टी-पेशी दबलेल्याही दिसतात. ज्या पेशींसाठी पावडर आणली त्याच दुबळ्या होतात.

या मोठ्या डोसवर युरोपाने पाणी सोडलं. २०१७ मध्ये निर्णय झाला, पाच वर्षांची मुदत दिली आणि जून २०२२ पासून युरोपीय संघात औषधी प्रमाणातलं झिंक ऑक्साइड बंद झालं. पोषण म्हणून पिल्लांच्या खाद्यात किलोला १५० मिलिग्रॅमची मर्यादा तिथे आहेच. चीनने पहिल्या दोन आठवड्यांपुरती १६०० पर्यंत सवलत ठेवली. अमेरिकेत मोठा डोस अजून चालतो. म्हणजे ‘जगाने बंदी घातली’ असं ओरडायची सोय नाही. वेगवेगळ्या देशांनी आपापला तोटा-नफा मांडला आहे.

युरोपाने बंदीला जी कारणं दिली त्यातलं जमिनीत साचणाऱ्या धातूचं कारण खान्देशात तितकं जोरकस ठरणार नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत झिंकची तूट ही नेहमीची तक्रार. रावेर-यावलचा केळी उत्पादक पानं अरुंद पडली की झिंक सल्फेटचं पोतं आणतोच. हिशोब करून पाहा. एका पिल्लाने दोन आठवड्यांत चार किलो खाद्य खाल्लं, तर २५०० च्या डोसने त्याच्या पोटात १० ग्रॅम झिंक गेलं. शंभर माद्यांच्या फार्मवर वर्षाला दोन हजार पिल्लं धरली तर २० किलो. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकायची आपली पद्धत, त्यात जेमतेम पाच किलो झिंक असतं. म्हणजे एका फार्मचं शेणखत चार-पाच हेक्टरवर नीट पसरलं तर पिकाला ते लाभेलसुद्धा. तेच वर्षानुवर्षं शेडजवळच्या एका तुकड्यावर ओतत राहिलं तर गोष्ट वेगळी, कारण धातू कुजून नाहीसा होत नाही.

माझी काळजी जंतूंची आहे. झिंकच्या माऱ्यात तगून राहणाऱ्या जंतूंकडे त्यासाठीची जनुकं असतात आणि ती अनेकदा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांच्या शेजारी बसलेली असतात. युरोपातल्या डुक्कर फार्मवर पसरलेल्या एमआरएसए या जंतूच्या एका वंशात झिंक पचवण्याचं जनुक मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जनुकाच्याच तुकड्यावर सापडलं. याचा अर्थ असा की फार्मवर एक थेंबही प्रतिजैविक न वापरता, नुसत्या झिंकच्या डोसने, प्रतिजैविकाला न जुमानणारा जंतू निवडला जाऊ शकतो. तो शेडमध्ये काम करणाऱ्याच्या नाकात जातो, तिथून घरी. शेणखत घेणाऱ्या शेतकऱ्याला, कत्तलखान्यातल्या मजुराला हे कोणी सांगणार आहे का?

यावर एक सडेतोड प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: झिंक काढून घेतलं तर माणसं पिल्लं वाचवायला थेट प्रतिजैविकंच वापरणार नाहीत का? डेन्मार्कमध्ये तसं झालंही. बंदीनंतर पिल्लांच्या हगवणीसाठी निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला. पण हा युक्तिवाद जिथे हजारो फार्म त्या डोसवर बेतून उभे राहिलेत तिथला आहे. एकवीस दिवसांना पिल्लं तोडायची, भरपूर प्रथिनांचं खाद्य द्यायचं, गर्दी करायची आणि झिंकच्या जोरावर सगळं निभावून न्यायचं, अशी घडी तिथे बसली होती. ती मोडताना दुखणारच. आपल्याकडे ही घडी बसायचीच आहे. जे अजून सुरूच झालं नाही ते सोडवायला खर्च येत नाही.

कोलिस्टिनच्या बाबतीत आपण उलटा रस्ता धरला होता. माणसाच्या अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीतलं ते औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातलं जात राहिलं, आणि अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याची विक्री-वापर केंद्र सरकारने बंद केला तो जुलै २०१९ मध्ये. तोपर्यंत त्याला दाद न देणारे जंतू जगभर नोंदले गेले होते. त्या वेळीही पुरवठा पाकिटांतूनच होता, दुकानंही अशीच, आणि ‘कायजी करू नको’ही हेच.

आकडा छापण्याची मागणी काही परदेशी नाही. केळीला टाकायच्या झिंक सल्फेटच्या पोत्यावर २१ टक्के की ३३ टक्के हे ठळक लिहिलेलं असतं, कारण १९८५च्या खत नियंत्रण आदेशाने ते बांधून दिलंय आणि खोटं निघालं तर नमुना घेऊन कारवाई होते. पिकाला द्यायच्या झिंकचा इतका काटेकोर हिशोब मागणारं राज्य, डुकराला द्यायच्या झिंकबद्दल तितकंच काटेकोर का नसावं? आणि जाता जाता एक बजावून ठेवतो. हे खताचं स्वस्त झिंक सल्फेट घरी पडलंय म्हणून खाद्यात मिसळू नका. खताच्या दर्जात शिसं, कॅडमियम यांची जी भेसळ चालते ती खाद्यात चालत नाही, आणि फावड्याने मिसळलेल्या खाद्यात एका पिल्लाच्या वाट्याला काहीच नाही तर दुसऱ्याच्या वाट्याला विषाचा डोस, हे ठरलेलं.

अनुदानाच्या फाइलीत शेडचा नकाशा, बँकेचं पत्र, जमिनीचा उतारा सगळं मागतात. त्यात आणखी तीन गोष्टी मागता येतील: पिल्लं २८ दिवसांच्या आत तोडणार नाही ही अट, खाद्य कुठून येणार आणि त्यात झिंक किती, आणि शेणखत कोणत्या शेतात जाणार. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने वर्षातून काही पोत्यांचे नमुने उचलून तपासले तरी कंपन्या सरळ होतील. किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या वर झिंक लागलंच तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, ठरावीक दिवस, एवढा नियम पुरेसा आहे. खाद्यात फायटेज हे विकर घातलं की मका-सोयाबीनमधलं अडकलेलं झिंक सुटतं आणि वरून घालायची गरज कमी होते. हे सांगायला कोणी दुकानदार येणार नाही, ते विस्तार अधिकाऱ्यांचं काम आहे.

एक गैरसमज मात्र ताबडतोब मोडायला हवा. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून देशात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरवर झिंकने काहीही होत नाही. त्या विषाणूपुढे उत्तम पोसलेलं डुक्करही पडतं. तिथे हॉटेलचं खरकटं न उकळता चारणं थांबवणं, बाहेरचं डुक्कर, बाहेरची गाडी, बाहेरचे बूट शेडमध्ये न येऊ देणं, हेच चालतं. क्लासिकल स्वाइन फीवरला लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. ‘इम्युनिटी’ची पावडर घेतली म्हणून लस टाळणारा माणूस पावडरीचे पैसे तर घालवतोच, कळपही घालवतो.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आशाताई जुलाब झालेल्या लेकराच्या आईला ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या देतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर अर्धी गोळी, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी पट्टी संपवायची. ती गोळी जीव वाचवते, कारण तिचा डोस ठरलेला आहे, दिवस ठरलेले आहेत, आणि कुपोषित मुलात झिंकची तूट खरीच असते. त्याच तालुक्यात कोणी डुकरं पाळायला घेतली तर त्याच्या पिल्लांना मात्र दुकानदाराच्या अंदाजाने एक मूठ, दोन मुठी. या पाळणाऱ्याला तालुक्याचा पशुवैद्यक फोनवर तरी भेटतो का, हा प्रश्न झिंकच्या मर्यादेइतकाच मोठा आहे. शहरांच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळून जगणाऱ्या वस्त्यांना तर पशुवैद्यक दिसतो तो रोगाची साथ आल्यावर, डुकरं मारायच्या पथकाबरोबर. अनुदानाची ३० लाखांची योजना या वस्त्यांपर्यंत पोचत नाही, कारण शंभर माद्यांची जागा आणि बँकेचं कर्ज त्यांच्याकडे नाही. निदान ज्यावर आकडा छापलाय असं खाद्य आणि महिन्यातून एकदा डॉक्टरची फेरी त्यांना मिळायला कोणती अडचण आहे, ते पशुसंवर्धन विभागाने सांगावं.